एकतीस हजर

सोमवार, १२ मे २०२५. बुद्धपौर्णिमा.

सोनमनं ही वकिलांची डायरी आणून दिली. म्हणाली, घरात बसून आईवर खेकसण्यापेक्षा लिहीत जा. पोरगी वकील झाल्यापासून बापाला तारखा देते. लिहितो. चौतीस वर्षं कोर्टात बेलीफ होतो, रोज अहवाल लिहिला. समक्ष जाऊन नोटीस बजावली, पंच हजर, सही घेतली. हात अजून तसाच चालतोय.

सकाळच्या एसटीनं गावी गेलो, शिरोळ तालुक्यात. माळावरच्या विहारात वंदना झाली, खीर झाली, मग नेहमीची हजेरी.

हा माळ म्हणजे आमची वस्ती. एकोणनव्वदच्या पुरात नदीकाठची आमची घरं गेली, तेव्हा पंचायतीनं ठराव करून ह्या उंचावर एकतीस कुटुंबं बसवली. पाच वर्षांनी शेजारच्या आकारामनं दावा टाकला, माळ माझ्या आज्याचा. तालुक्याला आम्ही जिंकलो, जिल्ह्याला जिंकलो, मुंबईत हरलो. २०१२ ला दिल्लीला अपील केलं. सगळ्यात वरच्या कोर्टानं स्टे दिला आणि फाईल ठेवून दिली. तेरा वर्षं झाली, ठेवलेलीच आहे. एकतीस अपिलदार, पहिलं नाव माझं, मुखत्यारपत्र पण माझ्याकडं. मी राहतो कोल्हापुरात मंगळवार पेठेत, पण माळावर माझ्या नावचं घर आहे, त्यात धाकटा भाऊ राहतो.

हजेरी मी घेतो, कोर्टातल्या पुकाऱ्यासारखी, खड्या आवाजात. २०१३ ला चौथ्या नंबरचा ज्ञानू वारला. पुढच्या पौर्णिमेला त्याचं नाव गाळायला जीभ वळेना, म्हणून पुकारलं. मागं बसलेली त्याची बायको तानाबाई म्हणाली, "हजर." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून पायंडाच पडला. आता चौदा जण गेलेत. कुणासाठी बायको बोलते, कुणासाठी लेक. अकराव्या नंबरची लेक अक्षता पुण्याला नोकरीला असते, ती बापाच्या नावाला फोनवरून हजर म्हणते. वहीत मी लिहितो, एकतीस हजर.

लिहिताना छाती भरून येते, खोटं कशाला सांगू. तुम्ही कितीही वेळ काढा, आमचं एकही माणूस हललेलं नाही.

शुक्रवार, ३० मे

दिल्लीच्या वकिलांच्या क्लार्कचा फोन. ह्या वर्षातला तिसरा. अपील आता फायनल सुनावणीला लागणार, कोण हयात, कोण मयत, मयतांचे दाखले, वारसांची नावं पाठवा. मी सांगितलं, सब हाजिर हैं. तो म्हणाला, साब, लिखके भेजो.

बायकोनं, शालननं, चहा ठेवला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, चौदा माणसांच्या मातीला मी जाऊन आलेय. मी म्हटलं, तुला कोर्टातलं कळत नाही.

मला कळतं. जन्म गेला त्यात. चौदा मयत म्हणजे निदान साठ वारस. एक लेक बेळगावला दिलेली, एक पोरगा सुरतेला, एक घर सोडून गेलेला. एकेकाला नोटीस बजावायची, एक परत आली की पुन्हा काढायची. असल्या नोटिसा घेऊन मीच उन्हातान्हातनं सायकल हाणलीय, एका दाव्यात मयताच्या जागी वारस लावता लावता चार वर्षं गेलेली पाहिलीत. तोवर आणखी सहा जण जातील. नको ती भानगड. तेरा वर्षांनी नंबर आलाय, तो घालवायचा नाही.

बुधवार, ११ जून. पौर्णिमा.

एकतीस हजर.

उठता उठता तानाबाईनं विचारलं, "दिल्लीला म्हाईत हाय न्हवं, आमचं मालक गेल्यालं?" मी म्हटलं, तुम्हीच तर हजर म्हणता की. ती हसली नाही. म्हणाली, "ते आपल्या-आपल्यात, अण्णा. सरकाराला खरं सांगाय पायजे."

म्हातारी बाई, अंगठेबहाद्दर. तिला काय सांगत बसायचं.

गुरुवार, १९ जून

प्रतिज्ञापत्र केलं. दिल्लीनं मसुदा इंग्रजीत पाठवला होता, नोटरीनं वाचून दाखवला. अपिलदार १ ते ३१ हयात असून सदर अपील चालविण्यास तयार आहेत. सही करताना हात जरा थांबला. का थांबला ते मला ठाऊक आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो. मग म्हटलं, माणसं गेली पण घरं आहेत, घरात त्यांची पोरं आहेत. अपील घराचं आहे की माणसाचं? केली सही.

संध्याकाळी सोनम म्हणाली, बाबा, तो पेपर बघू दे की. मी म्हटलं, तुला काळा कोट घालून सहा वर्षं झाली, माझी कोर्टात चौतीस गेली. ती मोबाईल घेऊन आत गेली. जरा जास्तच बोललो. पण माझ्या फाईलीत मला कुणाचं बोट नको.

गुरुवार, १० जुलै. पौर्णिमा.

एकतीस हजर. ओढ्याला पाणी, एसटी अर्ध्यातनं परत, पुढं चालत गेलो.

सोमवार, १८ ऑगस्ट

हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांची चंगळ, ढोल-ताशे, पेढे. सोनम गुलालानं माखून आली. चाळीस वर्षांची मागणी होती. मला पण बरं वाटलं. आता हायकोर्टासाठी माणसाला मुंबईला जाऊन लॉजवर पडायला नको.

आमची गाडी मात्र तो फाटा ओलांडून पुढं गेलेली. दिल्ली काय कोल्हापूरला येत नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

कालपासून गावीच आहे. कृष्णेला पाणी चढलंय, खालची गल्ली भरली. माळ कोरडा. दरवेळी हेच. २०१९ ला आकारामचं सगळं घर आठ दिवस आमच्या विहारात झोपलं होतं, आकारामची बायको चिमणाबाई आणि आमची तानाबाई एका चुलीवर भाकरी थापत होत्या. आकाराम तेव्हा नव्हता, २०१७ लाच गेला. खटला त्याच्या पोराच्या, यशराजच्या नावावर आला. महिन्यात आला, त्यांचा वकील जागा आहे.

ह्यावेळी पण यशराज म्हशी आणि आईला घेऊन वर आला. चहा पाजला. कोर्टात भांडण असलं म्हणून काय झालं, पाणी आलं की माणूस माणूसच. विहाराच्या पायरीवर बसून त्यानं एकेकाची विचारपूस केली. ज्ञानूआज्जा कवा गेले? अक्षताचे वडील कोरोनात गेले का आधी? मी सगळं सांगितलं, साल-महिन्यासकट. मला पाठच आहेत. पोरगं बापासारखं नाही, जुन्या माणसांची आठवण ठेवतंय.

रविवार, ७ सप्टेंबर. पौर्णिमा.

एकतीस हजर. दहा दिवसांनी, सतरा तारखेला आपलं अपील सुनावणीच्या बोर्डावर आहे म्हणून सांगितलं. वस्तीतल्या नागसेननं विहाराला नवीन निळा रंग द्यायचं ठरवलंय, निकालानंतर. माझ्या भावानं विचारलं, नक्की जिंकणार न्हवं? मी सांगितलं, खाली दोनदा जिंकलोय, पंचायतीचा ठराव आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत. शिवाय ते कोर्ट ज्या पुस्तकावर चालतं ते कुणी लिहिलंय? सगळ्यांनी वर फोटोकडं बघितलं. तिथं अन्याय व्हायचा नाही, असं मी बोललो. छातीठोक बोललो.

बुधवार, १७ सप्टेंबर

सोनमच्या मोबाईलवर लिंक लावून बघितलं. शालन मागं उभी. आमचा नंबर अठ्ठेचाळीस. दुपारी सव्वातीनला आला, तीन वाजून एकोणीस मिनिटांनी संपला. घड्याळ समोरच होतं.

दोन न्यायमूर्ती. आमचे वकील उठायच्या आत समोरचा उठला. सोनम हळू आवाजात मराठीत सांगत होती. तो म्हणाला, इथं मेलेली माणसं अपील चालवतायत. चौदा दाखले पुढं केले, ग्रामपंचायतीचे, तारखांसकट. सगळ्यात वर ज्ञानूचा. तेव्हा मला पायरीवरचा चहा आठवला.

एका न्यायमूर्तींनी आमच्या वकिलांना माझं प्रतिज्ञापत्र दाखवलं. वकिलांनी वारस लावायला मुदत मागितली, उशीर माफ करा म्हणून अर्ज देतो म्हणाले. दुसरे न्यायमूर्ती म्हणाले, आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे, पण बारा वर्षं झोपून आणि वर खोटी शपथ घेऊन कुणी दारात आलं तर कायदा त्याच्यासाठी नाही. चौदा जणांपुरतं अपील बाद. जमीन सगळ्यांची एकत्र, हक्क तोडून वाटता येत नाही, म्हणून एकतिसांचंही बाद. स्टे उठला. पुढचा नंबर.

माळ कुणाचा, हा प्रश्न निघालाच नाही.

सोनमनं मोबाईल पालथा ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २० सप्टेंबर

तीन दिवस भांडतोय, एकटाच, मनातल्या मनात. आज लिहून भांडतो.

कायदा मला माहीत आहे. अपिलदार मेला की नव्वद दिवसांत वारस लावायचे. मी चुकलो, लबाडी केली, मान्य. पण तेरा वर्षं तुम्हाला फाईल उघडायला सवड झाली नाही. त्या तेरा वर्षांत आमची माणसं म्हातारी झाली, मेली. आमच्या हौसेनं मेली काय? तुमचा उशीर तेरा वर्षांचा, त्याला तारीख म्हणायचं. आमच्या उशिराला मात्र गुन्हा. तुमच्या उशिराबद्दल कुणी, कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा? आणि दोन कोर्टांनी तपासून आम्हाला दिलेला माळ मुंबईनं काढून घेतला तो बरोबर की चूक, एवढंच विचारायला आम्ही आलो होतो. ते तुम्ही वाचलंच नाही. सहानुभूती आहे म्हणे. सहानुभूती घेऊन काय नदीत बसू?

सोनमनं निकालाची प्रत काढली. नऊ पानं. सात माझ्या प्रतिज्ञापत्रावर.

रविवार, २८ सप्टेंबर

माळावर जाऊन सगळं सांगितलं, उभं राहून. यशराजला तारखा मीच दिल्या, ते पण सांगितलं. वाटलं होतं कुणीतरी चप्पल काढील. नागसेन म्हणाला, अण्णा, बसा, पाणी घ्या. तानाबाईनं तांब्या आणून दिला. तिनं जूनमध्ये मला विचारलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मी पण सांगितलं नाही.

रंगाचे डबे विहाराच्या कोपऱ्यात तसेच आहेत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. पौर्णिमा.

गेलो नाही. पाय दुखतो म्हणून कळवलं. पाय दुखत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सोनम जेवायला बसली नाही. आत आईशी बोलत होती, मी ऐकलं. तिचं एका विधवा बाईचं प्रकरण होतं, वारस लावायला दीड वर्षाचा उशीर झालेला. समोरच्या वकिलानं आमचा निकाल पुढं केला. अपिलाला पहिल्या अपिलदाराचं नाव असतं. भर कोर्टात तो म्हणाला, अण्णासो आणि इतर, ह्या निकालाप्रमाणे अर्ज फेटाळावा. सोनमनं आपल्याच बापाचं नाव ऐकून घेतलं. अर्ज फेटाळला गेला.

म्हणजे आता हे थांबायचं नाही. कुठल्या कुठल्या गावच्या, तोंडसुद्धा न पाहिलेल्या बायका माझ्या नावानं हरणार. कायद्याच्या पुस्तकात नाव यावं अशी माझी हौस होती कधीकाळी. वाट्टोळं झालं हौसेचं.

बुधवार, २६ नोव्हेंबर. संविधान दिन.

दुपारी पिराजीचा फोन. पिराजी माझ्या हाताखाली शिकलेला बेलीफ. म्हणाला, "अण्णा, तुमच्याच माळाचं कब्जा वॉरंट माझ्याकडं आलंय. परवा यायला लागतंय. मला माफ करा." मी म्हटलं, ड्युटी आहे, माफी कसली. फोन ठेवणार होतो, तेवढ्यात जुनी सवय, विचारलं, नावं कुणाकुणाची?

"सगळी की. एकतीस. आकारामची कब्जा मागितल्याली जुनी दरखास्त हाय, २०१२ ची. स्टे उठला तशी उचलून काढली."

मी खुर्चीत बसलो. आधी नुसतं हसू आलं, शालन घाबरली. दिल्लीला मेलेली माणसं अपील करू शकत नाहीत. आणि तालुक्याला त्याच मेलेल्या माणसांना घरातनं बाहेर काढायचं वॉरंट निघतं.

संध्याकाळी सोनमला सांगितलं. ह्यावेळी फाईल तिच्या हातात दिली, स्वतःहून. तिनं बसून सगळी वाचली. म्हणाली, मयताच्या नावानं बजावणी होत नाही, बाबा. बेलिफाला जाग्यावर प्रत्येक मयताच्या घरच्यांनी सांगायचं, पंचनाम्यात लिहून घ्यायचं, सही-अंगठा द्यायचा. माळ एकत्र, तोडून कब्जा देता येत नाही, म्हणून सगळंच वॉरंट परत जातं. मग त्यांना चौदा घरांचे वारस लावावे लागतील, एकेकाला नोटीस. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, सहा महिने, कदाचित वर्ष. तेवढ्यात मी दिल्लीला पुनर्विलोकनाचा अर्ज टाकते, निकाल परत तपासा म्हणून. आशा फार नाही. पण पुढचा पावसाळा तरी माळावर निघेल.

साठ वारस. बेळगावची लेक, सुरतेचा पोरगा, घर सोडून गेलेला. जे मी जूनमध्ये टाळलं, तेच आता आमच्या कामाला येणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

माळावर सगळ्यांना समजावून सांगितलं, उद्या काय म्हणायचं ते. अक्षता सुट्टी काढून पुण्याहून आलीय. तानाबाई उठून घरात गेली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अकरा वाजता पिराजी आला. दोन पोलीस, दोन पंच, एक जेसीबी. यशराज जेसीबीजवळ उभा, मोबाईलमध्ये बघत. वस्ती सगळी विहारासमोर बसलेली. सोनम काळ्या कोटात माझ्या शेजारी.

पिराजीनं वॉरंट वाचलं. मीच शिकवलंय त्याला, खड्या आवाजात वाचायचं, मागच्याला ऐकू गेलं पाहिजे. मग नावं.

नंबर एक, मी. हजर. नंबर दोन, हजर. नंबर तीन, हजर.

नंबर चार, ज्ञानू सिद्धू.

कुणी हललं नाही. बारा वर्षांत त्या नावापाठोपाठ एक शब्द आला नाही असं झालं नव्हतं. तानाबाईचे ओठ हलले, मला दिसलं, सवयीनं हलले. पिराजीनं पुन्हा पुकारलं. मी तिच्याकडं बघू शकलो नाही, खाली मातीकडं बघत होतो.

"मेलाय," तानाबाई म्हणाली. "बारा वर्सं झाली. लिव्ह."

पिराजीनं लिहिलं, मयत. अंगठ्याला शाई लावली. तिनं अंगठा दिला आणि पदराला न पुसता तसाच धरून बसली.

पुढं सोपं झालं, किंवा अवघड झालं, मला सांगता येणार नाही. नंबर सात, मयत. नंबर नऊ, मयत. अकराव्याला अक्षताला बोलवेना, नागसेननं तिचा हात धरला, मग ती बोलली. चौदा वेळा. चौदाव्यापर्यंत यशराज जेसीबीपासून निघून गाडीत जाऊन बसला होता. पिराजीनं अहवाल लिहिला, इसम नंबर अमुक अमुक मयत असल्याने बजावणी न करता वॉरंट परत. पाठीमागं घरं जशीच्या तशी उभी.

मशीन परत गेली. कुणी टाळी वाजवली नाही. बायका तानाबाईभोवती बसल्या आणि रडल्या, मयतीला रडतात तशा, मोठ्यानं. बारा वर्षांपूर्वी तिनं रडूच दिलं नव्हतं कुणाला.

गुरुवार, ४ डिसेंबर. पौर्णिमा.

गेलो. वंदना झाली. वही उघडली. हजेरी नाही घेतली तर चालेल का, मी विचारलं. घ्या म्हणाले.

पहिली तीन नावं घेतली. चौथ्यापाशी माझी जीभ अडली, डोळ्यांपुढं अक्षर दिसेना.

तानाबाई तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. म्हणाली, "फुडचं घे, अण्णा."

सतरा हजर.